गावच्या घराला कॅमेरे बसवायचेत, कोटेशनमधले शब्द कोणी समजावून सांगेल का? (आयपी ६७, २.८ एमएम, डब्ल्यूडीआर, पीओई वगैरे)

आगरातला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीला असतो, गाव गुहागर तालुक्यात. घर समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर, खाली नारळ-पोफळीचं आगर आणि घराच्या मागे चढावर हापूसची तीस-चाळीस कलमं. घरात आई-बाबा दोघंच. तीन वर्षांपूर्वी चार कॅमेरे बसवून घेतले होते, पहिल्या पावसातच दोन गेले, पुढच्या वर्षी तिसरा गेला, उरला तो मागच्या पडवीतला एक. गेल्या एप्रिलमध्ये रात्री कोणीतरी कलमांवरून आंबे उतरवून नेले, साधारण पंचवीस मीटरवरचं झाड, कॅमेऱ्यात सगळं आलंय पण माणूस म्हणजे नुसता पांढरा ठिपका हलताना दिसतो. बाबा फुटेज पेनड्राईव्हवर घेऊन गेले होते दाखवायला, बघणारे सगळे म्हणाले यात तोंडच दिसत नाही. आंब्यांपेक्षा मला बाबांच्या आवाजाचं वाईट वाटलं, म्हणाले कॅमेरा असून काय उपयोग.

आता नवीन बसवायचेत आणि यावेळी समजून घेऊन बसवायचेत. कोटेशन आलंय ते जसंच्या तसं लिहितो: "४ चॅनल एनव्हीआर, ४ एमपी आयआर बुलेट २.८ एमएम आयपी ६७ तीन नग, ४ एमपी डोम एक नग, ट्रू डब्ल्यूडीआर १२० डीबी, एच.२६५ प्लस, ओनव्हिफ, पीओई स्विच, १ टीबी हार्ड डिस्क, आयआर रेंज ३० मीटर." यातलं मला "चार नग" एवढंच कळलं. वर कोटेशन देणारा म्हणतो हा आयपी कॅमेरा आहे आणि आयपी ६७ पण आहे, म्हणजे दोन्ही एकच का? समजेल असं सांगा प्लीज, आईला पण वाचून दाखवणार आहे.

केबल_ओढणारा

दादा, रत्नागिरी जिल्ह्यात सोळा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी आयपीचा घोळ. आयपी कॅमेरा मधला आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, म्हणजे कॅमेरा नेटवर्कच्या केबलवर चालतो, आत त्याचा छोटा कॉम्प्युटरच असतो. आयपी ६७ मधला आयपी वेगळा, तो म्हणजे इन्ग्रेस प्रोटेक्शन, डब्यात धूळ-पाणी किती शिरू देणार त्याचं माप. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही. दुसरा आकडा पाण्याचा, ६ असेल तर जोरदार फवारा सहन करतो, ७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. आणि तिसरा आयपी ॲड्रेस, तो नेटवर्कवरचा कॅमेऱ्याचा पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो ना सेटिंगमध्ये तो. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि नीट लक्षात ठेवा, आयपी ६७ मध्ये मिठाची परीक्षा नसते. गोड्या पाण्यात बुडवून पास झालेला कॅमेरा आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत गंजू शकतो, त्याची सॉल्ट स्प्रे टेस्ट वेगळी असते आणि फार थोड्या कंपन्या ती करून छापतात.

आता तुमचा पांढरा ठिपका. यात कॅमेरे बसवणाऱ्याने फसवलं असं नाही, लेन्स चुकली. २.८ एमएम ही लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं आणि तितकं सगळं लांब जातं. २.८ ची लेन्स साधारण १०० अंश बघते. लोक खूश होतात की अख्खं आगर एका कॅमेऱ्यात आलं, पण चित्रातले ठिपके (पिक्सेल) तेवढेच असतात हो, ते सगळ्या रुंदीत वाटले जातात. जुने कॅमेरे २ एमपी (मेगापिक्सेल, म्हणजे साधारण वीस लाख ठिपक्यांचे) असतील तर चित्राची रुंदी १९२० ठिपके. २५ मीटरवर १०० अंशात जवळजवळ ६० मीटर रुंदी येते, १९२० भागिले ६०, म्हणजे एका मीटरला ३२ ठिपके. माणसाचं तोंड १५-१६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे तुमच्या चोराचं अख्खं तोंड पाच ठिपक्यांचं होतं. पाच ठिपक्यांत कोण कोणाला ओळखणार? वर रात्रीचं, हलणारं.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीतल्या मोजणीला डोरी म्हणतात. मीटरला २५ ठिपके असले की काहीतरी आहे एवढं कळतं, ६२ ला कपडे, हालचाल असा थोडा तपशील, १२५ ला ओळखीचा माणूस असेल तर ओळखतो, आणि २५० ला अनोळखी माणूसही खात्रीने ओळखता येतो. तुमचा ३२ होता, म्हणजे पहिल्या पायरीवर. कॅमेऱ्याने त्याचं काम केलं, त्याला दिलेलं कामच ते होतं.

४ एमपी ला रुंदी २५६० ठिपके. त्याला २.८ ची लेन्स असेल तर २५० चा हिशोब फक्त चार मीटरपर्यंत पुरतो. तोच कॅमेरा ६ एमएम लेन्सचा घेतला तर साधारण ५० अंश बघतो आणि दहा मीटरपर्यंत तोंड पकडतो. १२ एमएम घेतली तर वीस मीटरपर्यंत, पण मग चिंचोळी पट्टीच दिसते. म्हणून नुसतं "४ एमपी द्या" म्हणून भागत नाही, तिन्ही बुलेट कॅमेऱ्यांना २.८ लिहिलंय ते मला पटत नाही. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लिहून घ्या की याने कुठल्या जागेवरचं तोंड दिसलं पाहिजे आणि ती जागा किती मीटरवर आहे. वेरिफोकल म्हणजे २.८ ते १२ फिरवता येणारी लेन्स, पैसे थोडे जास्त जातात पण बसवल्यावर जुळवता येते, मागच्या दारी तरी तीच घ्या.

आयआर (इन्फ्रारेड) ३० मीटर म्हणजे न दिसणारा लाल उजेड ३० मीटरपर्यंत पोचतो एवढंच. तोंड ३० मीटरवर दिसेल असा अर्थ लावू नका, बरेच जण तिथेच चुकतात. आणि उंची. कॅमेरा चोरीला जाईल म्हणून लोक आढ्याजवळ टांगतात, मग सगळ्यांच्या टोप्या आणि टकलं दिसतात. अडीच ते तीन मीटर बास.

तारकर्लीची_वैनी

बरा झाला विचारलास तां, माझ्यासारख्या किती जणांचा काम होईल.

आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, तारकर्लीला, वाळू अंगणापर्यंत येते. २०१७ पासून कॅमेरे आहेत, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने काय काय होतं ते सगळं बघून झालंय. पहिली गोष्ट, कॅमेरा मरत नाही, जॉइंट मरतो. कॅमेऱ्याच्या मागून शेपटीसारखी वायर येते, तिच्या टोकाला जॅक असतो, तो जॅक बसवणारे भिंतीवर तसाच लोंबकळत ठेवतात किंवा काळी टेप गुंडाळतात. टेपच्या आत पाणी धरून राहतं. आमचे तीन कॅमेरे "गेले" म्हणून काढले तेव्हा आत जॅक हिरवा पडलेला, नवीन जॅक मारल्यावर दोन चालू झाले. तुमचे जुने फेकले नसतील तर एकदा बघा. आता प्रत्येक कॅमेऱ्यामागे प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स, वायर खालून आत घेतलेली आणि आत जाण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिलेला, म्हणजे पाणी झोळाला ओघळून खाली पडतं, आत चढत नाही. जॅकवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो, छोटी ट्यूब मिळते, ती पुष्कळ दिवस पुरते. स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे मागा, साधं ३०४ आमच्याकडे वर्षात तांबेरतं. लोखंडी क्लॅम्प तर अजिबात नको.

दुसरं डोम कॅमेऱ्याबद्दल. डोम दिसायला बरा, पण उघड्यावर नको, पारदर्शक गोळ्यावर मिठाचा थर बसतो आणि रात्री स्वतःच्याच आयआर उजेडाने सगळं धुरकट पांढरं दिसतं. पडवीच्या आत छपराखाली ठीक. बुलेट म्हणजे नळीसारखा असतो त्याला वर छोटी टोपी असते, पागोळ्यांपासून लांब लावला की बरा चालतो. तरी पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, हे आईंना सांगा. कोरड्या फडक्याने घासलं की मीठ-वाळूचे ओरखडे उठतात.

आणि कोळी! आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतात, जाळं नेमकं लेन्ससमोर. रात्रभर मोबाईल टुंग टुंग करतो आणि बघावं तर कोळी. मी कॅमेऱ्यातला आयआर बंद करून चार फूट बाजूला वेगळा बल्ब लावला तेव्हा कमी झालं.

डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकदम नीट दिसणं) मात्र नक्की घ्या, तो खर्च वाया नाही जात. आमच्या ओटीवरून बाहेर बघताना मागे चकचकीत ऊन आणि समुद्राची चमक, दारात उभा माणूस काळाकुट्ट दिसायचा. ट्रू डब्ल्यूडीआर वाला लावल्यावर माणूसही दिसतो आणि मागची माडाची झाडंही. नुसतं डीडब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर ते वेगळं, ते चित्र नंतर उजळ करतं, आमच्याकडे त्याचा काही उपयोग झाला नाही.

एक सांगायचं राहिलं, आम्ही पाहुण्यांच्या खोल्यांच्या दारांकडे, न्हाणीकडे कॅमेऱ्याचं तोंड ठेवत नाही आणि बाहेर पाटी लावलीय. तुमचं घर घरगुती असलं तरी शेजाऱ्याच्या अंगणात डोकावत नाही ना ते बघून घ्या, सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करता येतो. गावात यावरून भांडणं झालेली बघितलीत.

आगरातला_डोंबिवली

वैनी, केबलदादा, काय लिहिलंय तुम्ही. पाच ठिपक्यांचं वाचलं आणि बाबांना लगेच फोन करून सांगितलं, ते म्हणाले मग आपली तक्रार खोटी नव्हती, कॅमेऱ्यालाच दिसलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

अजून थोडे प्रश्न. आधीचा डीव्हीआर होता, आता एनव्हीआर, फरक काय? पीओई म्हणजे काय? १ टीबी मध्ये किती दिवस राहील, कारण आम्ही गणपतीला आणि मे महिन्यातच जातो, मधे काही झालं तर आठ दिवसांनी कळतं. आणि डोंबिवलीतून मोबाईलवर बघताना चित्र कायम अस्पष्ट दिसतं ते कॅमेऱ्यामुळे का नेटमुळे? आणि त्या माणसाने आधीच्या वेळी ॲपचा पासवर्ड स्वतःच टाकला होता, आम्हाला माहीतच नाही.

पेणचा_नेटवर्कवाला

शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड तुमच्याकडेच पाहिजे, आजच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कसे, तर फॅक्टरीतून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. त्या कॅमेऱ्यांनी मिळून त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मोठ्या मोठ्या वेबसाईट काही तास बंद पाडल्या. आपल्या पडवीतला कॅमेरा पण असाच कोणाच्या तरी हातात जाऊ शकतो, आणि त्यात आई-बाबा दिसत असतात. बसवणाऱ्यासमोर बसून स्वतः पासवर्ड टाका, ॲडमिनचा तुमच्याकडे, त्याला हवा असेल तर वेगळा युजर करून द्या. आपल्या सरकारनेही कॅमेऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्यात, एप्रिल २०२५ पासून लागू आहेत, त्यामुळे बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याचं एसटीक्यूसी (केंद्र सरकारची चाचणी संस्था) प्रमाणपत्र आहे का ते विचारा.

डीव्हीआर आणि एनव्हीआर. जुन्या पद्धतीत कॅमेरा कच्चं चित्र गोल कोॲक्सियल वायरीतून, टीव्हीच्या केबलसारख्या, पाठवतो आणि डीव्हीआर ते दाबून हार्ड डिस्कवर लिहितो, टोकाला फिरवून लावायचा बीएनसी जॅक असतो. आयपी कॅमेरा चित्र स्वतःच दाबून पाठवतो आणि एनव्हीआर फक्त साठवतो. पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे त्याच एका नेटवर्क केबलमधून वीजही जाते, कॅमेऱ्याजवळ वेगळा ॲडॅप्टर नको. तुमच्यासाठी हा मोठा फायदा, वैनी म्हणतायत तसे जॉइंट निम्मे होतात. साधं पीओई २००३ चं मानक आहे, पोर्टमागे १५.४ वॅट, साध्या कॅमेऱ्याला भरपूर. पण केबल १०० मीटरपर्यंतच.

साठवणीचा हिशोब स्वतः करता येतो. कॅमेरा किती एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) ने लिहितो तो बिटरेट. २ एमबीपीएस धरला तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २१.६ जीबी, चारांचे ८६ जीबी, म्हणजे १ टीबी अकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावर नवीन लिहिलं जातं. ४ एमबीपीएस ठेवला तर सहा दिवसही नाहीत. तुम्हाला आठ दिवसांनी कळतं म्हणताय तर २ टीबी घ्याच, आणि सर्व्हेलन्स हार्ड डिस्क म्हणून लिहिलेली, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असते, कॉम्प्युटरमधून काढलेली चालवून घेऊ नका. एच.२६५ म्हणजे चित्र दाबायची पद्धत, २०१३ ची, आधीच्या एच.२६४ पेक्षा साधारण निम्म्या जागेत तेच चित्र बसवते. "प्लस" हे मात्र कंपनीचं स्वतःचं, मानकात नाही, दुसऱ्या कंपनीचा एनव्हीआर असेल तर अडतं कधीकधी. जागा वाचवायला मोशन वर ठेवा म्हणेल कोणी, कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच रेकॉर्डिंग. कोकणात त्याचा उपयोग नाही, माडाची झावळी दिवसभर हलते आणि आषाढात तर पाऊसच हलत असतो. सलग रेकॉर्डिंग ठेवा आणि मोबाईलची सूचना फक्त माणूस ओळखला तर, ह्यूमन डिटेक्शन असतं आता. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ची गरज नाही घराला, १५ पुरतात.

मोबाईलवर अस्पष्ट दिसतं कारण तुम्ही सब स्ट्रीम बघताय. प्रत्येक कॅमेरा दोन चित्रं पाठवतो, मेन स्ट्रीम पूर्ण ताकदीचं, ते डिस्कवर जातं, आणि सब स्ट्रीम लहान, ते मोबाईलसाठी, म्हणजे गावच्या नेटवर भार नको. ॲपमध्ये एचडी किंवा मेन असं बटण असतं, दाबून बघा. फुटेज पोलिसांना द्यायचं तर मेन स्ट्रीमचंच एक्स्पोर्ट करा, मोबाईलच्या स्क्रीनवरून रेकॉर्ड करून देऊ नका.

आणि ओनव्हिफ. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलं, की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला समजावा. उद्या एक कॅमेरा गेला आणि तीच कंपनी गुहागरात मिळाली नाही तर दुसरा लावता यावा म्हणून हा शब्द कोटेशनमध्ये हवाच. एच.२६५ सकट चालायला हवं असेल तर ओनव्हिफचं प्रोफाइल टी आहे का विचारा.

केबल_ओढणारा

नेटवर्कवाल्यांनी छान सांगितलं, त्यात माझं थोडं. केबल "प्युअर कॉपर कॅट ६, आउटडोअर" असं लिहून घ्या. स्वस्त केबल सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, लांब अंतरावर वीज कमी पोचते, रात्री आयआर चालू झाला की कॅमेरा बंद-चालू बंद-चालू होतो, आणि आपल्या हवेत टोकाला लवकर खातं. सुरीने तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर परत करा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत दोन घरांना ती घातली होती, तिसऱ्या वर्षी दोन्हीकडे स्वखर्चाने बदलून दिली.

वीज पडण्याचं पण बघा. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा माझ्याकडे सगळ्यात जास्त जळलेले स्विच येतात. घरापासून लांब, कलमांत खांबावर कॅमेरा लावलात तर त्या तांब्याच्या तारेतून झटका थेट एनव्हीआरपर्यंत येतो. सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग खरं आहे का तपासा, नुसता तिसरा पिन असून भागत नाही. लांबचा कॅमेरा फायबरवर घेतला तर सगळ्यात बरं, काचेतून वीज येत नाही आणि १०० मीटरची अटही जाते. खांबावर वीज मात्र वेगळी न्यावी लागते, सोलरची नाहीतर लाईनची. राउटर, स्विच आणि एनव्हीआर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, एकटा एनव्हीआर चालू राहून उपयोग नाही.

आणि दादा, बाबांना सांगा, टेप घेऊन मोजायला. मागच्या दारातून कलमांकडे जायला वाट एकच असेल ना?

आगरातला_डोंबिवली

हो, गडग्यात एकच बेडं आहे, तिथूनच आत येता येतं, बाकी गडगा उंच आहे. बाबांनी आत्ता मोजलं, एक टोक आईने धरलं होतं. मागच्या पडवीच्या वाशापासून बेड्यापर्यंत ११ मीटर.

केबल_ओढणारा

मग काम सोपं झालं. पंचवीस मीटरवरच्या झाडाचा नाद सोडा, बेड्यातून येणाऱ्याचं तोंड पकडा. ११ मीटरला ६ एमएम आणि ४ एमपी म्हणजे बरोबर काठावर, २५० च्या आसपास, दिवसा चालेल, रात्री कमी पडेल. वाशाला लावण्याऐवजी गडग्याच्या आतल्या बाजूला सिमेंटचा खांब उभा करा, बेड्यापासून पाच-सहा मीटरवर, त्यावर तोच ६ एमएम लावा म्हणजे मीटरला साडेचारशेच्या वर ठिपके मिळतील. चिऱ्याच्या गडग्यात प्लग ठोकू नका, पावसात सैल होतो. पडवीतला २.८ वाला राहू दे तसाच, तो कोण कुठून कुठे गेला ते दाखवेल. खांबापर्यंत केबल पाइपातून न्या, आणि बेड्याजवळ एक साधा बल्ब रात्रभर चालू ठेवा. कोटेशन बदलून आलं की इथे टाका, बघतो.